कार्डावर नाव कुणाचं?

(महिला मंडळं आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



या शिबिरात कायद्यावर, समुपदेशनावर, पोलीस ठाण्यात कसं बोलायचं यावर बोलणाऱ्या जाणत्या बायका आहेत. माझ्या वाट्याला मात्र कार्डांचा विषय आलाय. कारण साधं आहे. आपल्यातल्या चार-पाच गटांना यंदा नवी कार्डं छापून घ्यायची आहेत आणि त्यावर काय छापायचं यावरून काल जेवणानंतर चांगलाच वाद रंगला. कुणी म्हणालं, संस्थेचं नाव मोठ्या अक्षरात हवं. कुणी म्हणालं, ‘अत्याचारग्रस्त महिलांसाठी’ हे शब्द हवेतच, नाहीतर बाईला कळणार कसं? शेवटी एकजण कंटाळून म्हणाली, ‘‘अगं, कार्ड म्हणजे कार्ड. त्यात एवढं काय?’’

त्यात बरंच काही आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. कार्ड म्हणजे बोटभर कागद. पण माझ्यापर्यंत कुणी पोचायचं आणि मी कुणापर्यंत पोचायचं, हे त्यावर ठरतं. म्हणून कुठलंही कार्ड हातात आलं की मी तीन प्रश्न विचारते. यावर नाव कुणाचं आहे? ते कुणाच्या हातात जाणार आहे? आणि वाटेत ते कुणाच्या नजरेला पडणार आहे?

इंग्रजीत ‘कॉलिंग कार्ड’ असा एक शब्द आहे. ‘कॉल’ म्हणजे कुणाच्या घरी भेटायला जाणं आणि ‘कॉल’ म्हणजे फोन करणंही. त्यामुळे भेटीला गेल्यावर द्यायचं नावाचं कार्डही कॉलिंग कार्ड, आणि पैसे आधी भरून फोन करायचं कार्डही कॉलिंग कार्डच. आपण पहिल्याला व्हिजिटिंग कार्ड म्हणतो. तिथूनच सुरुवात करू.

दाखवायचं कार्ड

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात वरच्या वर्गातल्या बायकांचा दुपारचा बराच वेळ कार्डं वाटण्यात जाई. थेट कुणाच्या घरात शिरायचं नाही. दारात नोकराच्या हाती कार्ड द्यायचं, ते तबकात घालून आत जायचं. आतल्या बाईंना भेटायचं नसेल तर नोकर सांगायचा, ‘‘बाईसाहेब घरी नाहीत.’’ बाईसाहेब घरात आहेत हे दोघांनाही ठाऊक असे, पण त्याला कुणी खोटं म्हणत नसे, ती रीतच होती. कार्डाचा कोपरा दुमडला तर त्याला अर्थ. गाव सोडून जाताना कोपऱ्यात ‘पी.पी.सी.’ ही फ्रेंच अक्षरं लिहिली तर त्याचा अर्थ, निरोप घ्यायला आले होते. कुणाच्या कार्डाला उत्तर म्हणून आपलं कार्ड पाठवायचं, कुणाच्या नाही, किती दिवसांत पाठवायचं, यावर पुस्तकंच्या पुस्तकं छापली जात.

आपल्याला हे सगळं रिकामटेकड्या बायकांचे चोचले वाटतात. पण नीट बघा. घराण्याचे संबंध जोडायचे, टिकवायचे, तोडायचे, नवऱ्याच्या नोकरीधंद्याला लागणाऱ्या ओळखी करून ठेवायच्या, मुलींसाठी स्थळं नजरेत ठेवायची, हे सगळं काम त्या कार्डांवर चालत होतं आणि ते करत होती बाई. लग्न झालेली बाई कुठे गेली की स्वतःचं एक कार्ड ठेवायची आणि नवऱ्याची दोन, एक त्या घरच्या मालकासाठी आणि एक मालकिणीसाठी. म्हणजे नवरा क्लबात किंवा कचेरीत बसलेला असे आणि त्याची भेट बायको देऊन यायची.

आणि तिच्या स्वतःच्या कार्डावर काय छापलेलं असे? ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. तिचं पाळण्यातलं नाव त्या कार्डावर कुठेच नसे. लग्न न झालेल्या मुलीला बहुधा वेगळं कार्डही नसे. आईच्या कार्डावर आईच्या नावाखाली तिचं नाव यायचं. सगळं काम तिचं आणि नाव त्याचं.

हीच रीत साहेबांबरोबर बोटीत बसून इकडे आली. इथे ती थोडी बदलली. छावणीच्या, कलेक्टर कचेरीच्या गावी नव्याने आलेल्या गोऱ्या माणसाने आधी सगळ्यांकडे जाऊन कार्डं टाकायची असा दंडक होता. बंगल्याच्या फाटकावर पत्र्याची पेटी लावलेली असे, त्यावर बाईसाहेबांचं नाव आणि ‘घरी नाहीत’ हे शब्द. पेटीत कार्ड टाकलं की भेट झाली. त्या पेटीपाशी उभा असलेला चपराशी, आत स्वयंपाकघरात राबणारा खानसामा, मुलं सांभाळणारी आया, यांना कार्ड नव्हतं. त्यांना हाक मारली की त्यांनी यायचं. ज्याला कार्ड आहे तो ‘भेटायचं का?’ असं विचारतो. ज्याला कार्ड नाही त्याला नुसतं बोलावलं जातं.

साहेब गेला, पण त्या कार्डावरचं नाव आपल्याकडे ओळखीचंच होतं. आजही लग्नपत्रिका उघडा. ‘श्री. व सौ.’ आणि पुढे एकच नाव, ते त्याचं. दारावरच्या पाट्या वाचत जिना चढा. मोबाइलमध्ये एकमेकींचे नंबर आपण कसे साठवतो ते बघा, ‘राहुलची आई’, ‘पाटील वहिनी’. माझ्या कामाच्या वस्तीत एका बाईंनी पापड-लोणच्याचा धंदा सुरू केला. कष्ट त्यांचे, बचत गटातून काढलेलं कर्जही त्यांच्या नावावर. कार्ड छापून आलं तर त्यावर मोठ्या अक्षरात मुलाचं नाव, ‘प्रोप्रायटर’ म्हणून. फोन नंबर नवऱ्याचा. त्या हसून म्हणाल्या, ‘‘ताई, बाईच्या नावाला गिऱ्हाईक येत नाही म्हणे.’’ गिऱ्हाईक त्यांच्या हाताच्या चवीला येत होतं. पण ऑर्डरचा फोन नवरा घ्यायचा, आगाऊ पैसेही त्याच्याच हाती पडायचे. म्हणजे नुसत्या मानपानाचा हा प्रश्न नव्हता. कार्डावर नंबर ज्याचा, पैसा त्याच्या हातात, हा सरळ हिशेब होता.

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये असं ठरवलं की मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमाने नोंद करायची. आईचं नाव यावं ही मागणी बायकांच्या संघटना कितीतरी वर्षं करत होत्या. कागदावर नाव आल्याने सगळं बदलत नाही हे आपल्याला कळतं. पण ते नसल्याने काय काय अडतं, हे तर आपल्याला रोज कळतं.

उत्तर देणारं कार्ड

आता तुम्हाला एका वेगळ्याच कार्डाबद्दल सांगते. एड्रियन पायपर या अमेरिकन चित्रकर्ती आहेत, आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकही होत्या. त्यांचा जन्म 1948 चा. त्या कृष्णवर्णीय कुटुंबातल्या, पण रंगाने उजळ. त्यामुळे लोक त्यांना गोऱ्याच समजायचे. मग मेजवानीला, चहापानाला चारचौघं जमली की ‘आपल्यातच आहोत’ असं समजून काळ्या लोकांबद्दल काहीबाही बोललं जायचं, विनोद व्हायचे. अशा वेळी काय करायचं? भांडलं तर ‘हिला मजा कळत नाही’. गप्प बसलं तर घास घशाखाली उतरत नाही. आधीच सांगून टाकलं तर ‘हिला ते मिरवायचंय’.

1986 च्या सुमारास पायपरबाईंनी व्हिजिटिंग कार्डाएवढं एक कार्ड छापून घेतलं. असं कुणी बोललं की त्या आवाज न चढवता ते त्याच्या हातात ठेवायच्या. त्यात लिहिलेलं असायचं की, मी कृष्णवर्णीय आहे. तुम्ही आत्ता जे बोललात किंवा ज्याला हसलात ते करताना हे तुमच्या लक्षात आलं नसावं. तुम्हाला आता अवघडल्यासारखं होत असेल, तसंच तुमच्या बोलण्याने मलाही झालं आहे. बास, एवढंच. दुसरं एक कार्ड होतं ते एकटं कुठे बसायला गेल्यावर जवळ येऊन सलगी करणाऱ्या पुरुषांसाठी. त्याचा आशय असा की, मी इथे कुणाच्या ओळखीसाठी आलेले नाही, मला एकटं बसायचंय म्हणून मी एकटी बसले आहे, आणि हे कार्ड देणं हाही लाडिकपणा समजू नका. या कार्डांना त्यांनी कॉलिंग कार्डच म्हटलं. ज्या कार्डाने वरच्या वर्गातली माणसं एकमेकांचा मान राखत होती, तेच कार्ड त्यांनी अपमानाचं उत्तर म्हणून वापरलं.

आपल्याकडे काळ्या-गोऱ्याच्या जागी जात आहे, हे वेगळं सांगायला नको. ‘पूर्ण नाव काय तुमचं?’ हा प्रश्न कशासाठी विचारला जातो ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. आडनाव कळेना की ‘गाव कुठलं?’ तेही जमेना तर ‘देव कुठला तुमचा?’ आणि आडनावावरून अंदाज चुकला की मग ‘आपल्यातच आहोत’ असं समजून आरक्षणावर, वस्त्यांवर, स्वच्छतेवर सुरू होतं. आपल्या बैठकांत असं होत नाही, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही.

वस्तीतल्या मुलींच्या गटात मी एकदा कोरी कार्डं वाटली. म्हटलं, तुम्हाला असं कार्ड छापायचं असतं तर काय लिहिलं असतं? एकीने लिहिलं, ‘मी हसले म्हणजे हो म्हटलं असं नाही.’ दुसरीने लिहिलं, ‘आडनाव विचारण्याआधी माझं नाव तरी लक्षात ठेवा.’ तिसरीने लिहिलं, ‘माझी आई घरीच असते असं म्हणू नका. ती पहाटे पाचपासून कामावर असते.’ सगळ्या खूप हसल्या, टाळ्या वाजवल्या. लग्न होऊन वर्ष झालेल्या एकीचं कार्ड मात्र कोरंच होतं. ती म्हणाली, ‘‘ताई, कार्ड हातात दिल्यावर तिथून उठून जाता आलं पाहिजे ना? मी कुठे जाऊ?’’

तिचा प्रश्न बिनतोड आहे. पायपरबाई कार्ड देऊन मेजवानीतून घरी जाऊ शकत होत्या. पण जिच्यावर घरातच अन्याय होतो, तिने कार्ड देऊन कुठल्या घरी जायचं? तिच्यासाठी दाखवायचं कार्ड उपयोगाचं नाही. तिला लागतं ते लपवायचं कार्ड.

लपवायचं कार्ड

परदेशात गेलेल्या आपल्या मुली-सुनांना हे कार्ड चांगलं ठाऊक आहे. आधी पैसे भरून घ्यायचं टेलिफोन कार्ड इटलीत 1976 मध्ये निघालं. पुढे नव्वदच्या दशकात परदेशी लांबच्या फोनची कार्डं दुकानादुकानांत मिळू लागली. कार्डावरचा चंदेरी पट्टा खरवडायचा, आतला आकडा बघायचा, एका ठराविक नंबरला फोन लावून तो आकडा दाबायचा आणि मग घरचा नंबर. आखाती देशांत घरकामाला गेलेल्या बायका, परिचारिका, अमेरिकेत नवऱ्यामागे गेलेल्या मराठी मुली, सगळ्यांचं माहेर त्या कार्डात असे. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या अशा कित्येकींना तिथे नोकरी करायला कायद्याने बंदी होती. त्यांच्यातल्या काही जणींना 2015 पासून ती परवानगी मिळू लागली. तोवर हातात स्वतःचा पैसा नाही, गाडी चालवता येत नाही, शेजारी ओळखीचं नाही.

अशा बाईसाठी हे कार्ड फार मोलाचं होतं. कारण एकच. कार्डावरून केलेल्या फोनचा भारतातला नंबर घरच्या बिलावर उमटत नसे. तिने आईला फोन केला, बहिणीला केला की आणखी कुणाला, ते महिनाअखेर बिल वाचणाऱ्याला कळत नसे. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत ‘मानवी’ 1985 मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ 1989 मध्ये सुरू झाली. मारहाण होत असली तरी ‘परदेशात सुखात आहे’ असं सांगावं लागणाऱ्या बायकांना आपल्या भाषेत, आपल्या रीती समजून बोलणारं कुणीतरी या संस्थांमुळे मिळालं. पण तिथवर पोचायलाही आधी एक फोन करावा लागतोच. आणि तो फोन कुणाच्या नजरेखाली करायचा, हा प्रश्न तिथेही होता.

त्या गरजेवरही लुबाडणूक झाली. कार्डावर छापलेली मिनिटं मिळायची नाहीत. फोन लागला नाही तरी पैसे कापले जायचे. छुप्या आकारांत कार्ड संपून जायचं. 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी कार्डं विकणाऱ्या काही कंपन्यांना कोर्टात खेचलं. ज्याच्याकडे तक्रार करायला भाषा नाही, वेळ नाही, कागदपत्रं नाहीत, त्याची मिनिटं चोरणं सोपं असतं.

आपल्याकडे तेव्हा पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ होते, रुपयाचं नाणं टाकायचे डबे होते. बाई दळणाला म्हणून बाहेर पडायची आणि कोपऱ्यावरून फोन करायची. बूथ गेले, कार्डं गेली. प्रत्येकीच्या हातात मोबाइल आला असं आपण म्हणतो. पण तो कुणाच्या हातात आहे ते बघा. रिचार्ज नवरा मारतो. पासवर्ड त्याला माहीत. कुणाचे फोन आले-गेले ते तो रोज रात्री तपासतो. काही घरांत बाई कुठे आहे तेही त्याच्या फोनवर दिसतं. बूथवर मिळणारा तीन मिनिटांचा एकांत या मोबाइलमध्ये कित्येकींना नाही.

इथे आणखी एका गोष्टीची आठवण ठेवायला हवी. बाईच्या हातात नंबर असणं वेगळं आणि बाईचा नंबर दुसऱ्यांच्या हातात पडणं वेगळं. रेल्वेच्या संडासात बायकांची नावं आणि नंबर खरडलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. लग्नाला नकार दिला, बोलणं बंद केलं, की सूड म्हणून तिचा नंबर भिंतीवर. नंतर कित्येक महिने अनोळखी पुरुषांचे फोन. लंडनच्या फोनबूथमध्ये ऐंशीच्या दशकापासून देहविक्रयाच्या जाहिरातींची कार्डं चिकटवली जात. 2001 मध्ये तिथे कायद्याने तो गुन्हा ठरवला. ती कार्डं बरीचशी पैसे घेऊन दुसरेच कुणी लावत फिरायचे. त्यावर खोटी नावं, भलत्याच बाईचे फोटो. त्यामागची खरी बाई कोण, तिची मर्जी काय, हे कार्डावरून कधी कळलं नाही. नंबर भिंतीवर आल्याने बाई समोर येते असं नाही. तो कुणी लिहिला यावर सगळं अवलंबून आहे.

आपलं कार्ड

आता कालच्या वादाकडे येते. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 चा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात संरक्षण अधिकारी आहेत, निवासाचा हक्क आहे. 181 आणि 112 हे नंबर आहेत. हे सगळं बाईपर्यंत पोचवायला आपण कार्डं वाटतो. पण बाईच्या घरी त्या कार्डाचं काय होतं?

ब्लाउजमध्ये ठेवलेलं कार्ड कपडे धुताना सापडतं. पर्समधलं सासू बघते. पुस्तकातलं मुलं वाचतात आणि मोठ्याने वाचतात. ‘अत्याचारग्रस्त महिलांसाठी’ हे शब्द ज्याच्या हाती पडतात, त्याला एवढंच कळतं की ही बाहेर जाऊन बोलली. आणि बाई बोलायला लागली, निघायच्या बेतात आहे, असं कळतं तेव्हाच मार वाढतो, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

एका बाईंनी माझं कार्ड बघितलं, वाचलं आणि परत दिलं. म्हणाल्या, ‘‘हे घरी नेलं तर रात्रीच निकाल लागेल माझा.’’ मग पिशवीतून किराणा हिशेबाची वही काढली आणि माझा दहा आकडी नंबर पाच जिनसांत वाटून टाकला. तूरडाळ इतके रुपये, साखर इतके, चहापत्ती इतके, असा. वरून वाचला की नंबर तयार. वही स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. चार महिन्यांनी त्यांचा फोन आला, शेजारणीच्या मोबाइलवरून. हे शहाणपण कुठल्या अभ्यासक्रमात मला शिकवलं नव्हतं.

तेव्हा माझी सूचना अशी की कार्डं दोन प्रकारची छापावीत. एक दाखवायचं. पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत, दवाखान्यात, पत्रकारांना द्यायचं. त्यावर संस्थेचं नाव ठसठशीत, आणि कार्यकर्तीचंही पूर्ण नाव, तिला हवं तसं. आडनाव लावायचं की नाही, आईचं नाव लावायचं का, हे तिने ठरवायचं. आपल्या वस्तीतल्या कार्यकर्तीलाही हे कार्ड द्या. कार्यालयातल्या साहेबाने तिला ‘ए बाई’ म्हणण्याआधी तिचं कार्ड त्याच्या टेबलावर पडलेलं असू दे.

दुसरं लपवायचं. लहान, चपलेच्या तळाखाली मावेल एवढं. त्यावर ‘अत्याचार’, ‘हिंसा’, ‘कायदा’ यातला एकही शब्द नको. शिवण वर्ग, आरोग्य तपासणी, बचत गट, असं काहीही, पण ते खरोखर आपल्याकडे चालत असलेलं हवं, कारण नवरा त्या नंबरवर फोन करून बघतो. फोन उचलणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत हवं. आपण होऊन बाईच्या घरी फोन करायचा नाही. कधी, कुठल्या नंबरवर, कुणाच्या नावाने करायचा हे तिला विचारून लिहून ठेवायचं. आणि कार्ड देण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: ‘‘हे घरी नेणं तुला जमेल का?’’ ती नाही म्हणाली तर आग्रह नको. तिच्याकडून नंबर पाठ करून घ्या, पाच जिनसांत वाटून द्या, शेजारणीकडे ठेवा. लपवायची जागा आपल्यापेक्षा तिला नीट माहीत असते.

खर्च वाढेल हे मला कळतं. देणगी देणारे विचारतील की कार्डावर आमचं नाव कुठे आहे. त्यांना सांगू की तुमचं नाव पहिल्या कार्डावर टाकतो. दुसऱ्यावर आमचंही नाही. ते कार्ड तिचं आहे.

आता गटागटांत बसून दोन्ही कार्डांचे मसुदे करू या. दुसऱ्या कार्डाचा मसुदा झाला की तो एकमेकींना वाचून दाखवा आणि ऐकणारीने सासू होऊन ऐका. तिला संशय आला, तर पुन्हा लिहा.